पुन्हा लावा

मशीननं पाच वेळा सांगितलं, पुन्हा लावा.
उकंडराव अंगठा धोतराला पुसायचे, लावायचे.
मी स्पिरिटचा बोळा दिला, मग खोबरेल तेल.
मागे निराधारच्या पैशांची रांग,
आणि काचेवर एक गुळगुळीत, कोरा डाग.
"रेघा चाकानं खाल्ल्या, म्याडम," ते म्हणाले,
कुणी सांगावं तसं, की गाय शेजारच्या वावरात गेली.

त्या रविवारी मी चाक पाहायला गेले.
दारव्ह्याच्या पुढे नऊ किलोमीटर, अडाणच्या काठाला.
अठरा वर्षं नोटा मोजल्यात,
गड्डीत नव्व्याण्णव आहेत हे डोळे मिटून सांगते.
वाटलं, हात शिकलेले आहेत.

पहिल्याच फेऱ्यात ते खोटं ठरलं.
डावं कोपर मांडीला, उजवा तळवा वरून,
श्वास कुठे ठेवायचा ते कुणी सांगत नाही.
गोळा थरथरला, मग एका अंगानं फुगला
मानपानावरून रुसलेल्या जावयासारखा,
आणि उडून माझ्या चष्म्यावर आला.
सरजाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. हसल्या नाहीत.
नुसतं म्हणाल्या, "पुन्हा लावा."

एकदा घराच्या पायव्यातली माती नेली पिशवीतून,
काळी, लोण्यासारखी. वाटलं, खूश होतील.
उकंडरावांनी चिमूटभर दाताखाली धरली, थुंकली.
"हे कापसाची. तडकते हे."
माती तलावाच्या पोटातली हवी.
मग राख, मग लीद,
मग तुडवणं, शेवटचा खडा तळपायाला सापडेपर्यंत.
सोमवारी मी काउंटरवर उभ्यानंच पैसे मोजले.

मध्येच मला काहीतरी मोठं सुचायला लागतं,
देह, मडकं, घडवणारा वगैरे.
त्यांना कळतं कसं कोण जाणे.
"ते भजनात, म्याडम.
इथं बूड जाड राह्यलं तुमचं."

सतराव्या रविवारी एक वाटी उभी राहिली.
उभी म्हणजे कलली, पण बसली नाही.
दोऱ्यानं कापताना माझं तोंड उघडं होतं म्हणे,
सरजाबाईंनी नंतर सांगितलं.
आव्यात त्यांनी ती एका रांजणाच्या पोटात ठेवली,
अखजीच्या घागरींच्या गर्दीत,
वर पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, ओली राख.
रात्रभर धूर नदीवर आडवा पडून होता.
निघाली तेव्हा एका अंगानं लाल, एका अंगानं काळी.
टिचकी मारली. भांडं म्हणण्याइतपत वाजली.

आता ती माझ्या काउंटरवर असते, ओला स्पंज ठेवायला.
पाझरते.
संध्याकाळी रजिस्टरवर तिची गोल ओल उमटलेली.
तोरणे साहेब प्लास्टिकची डबी आणून ठेवतात,
मी ड्रॉवरमध्ये टाकते. चार जमल्यात.
आतून, काठाच्या जरा खाली,
माझ्या अंगठ्याच्या रेघा भाजून पक्क्या झाल्या आहेत.

उकंडराव हल्ली डोळ्याच्या मशीनवर पैसे घेतात,
फोटो काढताना बसतात तसे, ओठ घट्ट मिटून.
परवा त्यांनी वाटी उचलली, पालथी करून पाहिली,
स्पंज माझ्या हातात देऊन.
"जाडच हाये," म्हणाले, आणि ठेवली,
ठेवताना तिचं काळं अंग माझ्याकडे केलं.

या सोमवारी, दहाला पाच कमी.
हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला.
हिरवा दिवा लागला नाही.
पदराला पुसला. ठेवला.
पुन्हा लावा.

मागे शिपाई, हातात डबा. "काऊन म्याडम, काय झालं?"
नखात कालची माती होती.
मी पुन्हा लावला.