फुली

रेशन दुकानातला वजनकाटा उधार आणलाय,
उंचीच्या खुणा शाळेच्या भिंतीवर, खडूनं.
एकशे चाळीस पोरं कडोलीच्या मैदानात,
मला हवीत तीन.

भरमाणी मजुकर, वय सतरा,
पोटऱ्यांवर बटाट्याच्या रानातली माती.
पहिल्याच चढाईत घोट्याला धरून पाडला.
मी फुली मारली.

पोरगं कडेला बसलं, शर्टही न घालता,
समोरच्यांचे नुसते पाय बघत.
‘डावा कोपरा झेप घ्यायच्या आधी टाच उचलतोय बघ,’
एकाला मराठीत सांगितलं,
दुसऱ्याला कन्नडात.
दोघंही गुण घेऊन परतले.

ह्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
शाईची फुली खोडता येईना,
म्हणून तिच्याभोवती गोल केला.
आता ऑफिसात
काय वाचायचं ते वाचू देत.