ऐनवेळचा विषय

तिसऱ्यांदा गेले शिवगोंडांच्या दूध संस्थेत.
फॅट तपासता तपासता म्हणाले,
"पॅलेस्टाईन म्हंजे कुठं आलं, बाई? शिरोळच्या पल्याड?"
हसले नाहीत. मीही नाही.

दस्तगीरभाई म्हणाले, सूचक मी नको.
माझं नाव आलं की ठराव गावाचा राहणार नाही.
चहावर साय धरेपर्यंत
कप तसाच धरून बसले.

मसुद्यातून आधी 'निषेध' गेला,
मग 'तीव्र'.
उरलं 'दुःख', आणि लेकरांचा आकडा,
जो दर आठवड्याला खोडून
नवा लिहावा लागायचा.

ग्रामसभेत गटार, पथदिवे, पूररेषा.
पूररेषेवर तासभर भांडण.
मग ऐनवेळचे विषय.
ग्रामसेवक म्हणाले, हे आपल्या हद्दीत बसत नाही.

मागनं अक्काताई कुरणे उठल्या, गुडघा धरून.
"वळीवड्यात पोलंडची माणसं ऱ्हायली.
माझी आई त्यास्नी अंडी इकायची.
ती कुणाच्या हद्दीत हुती, सायेब?"

कुणीतरी पंखा बंद केला.
शिवगोंडा उभे राहिले, टोपी काढली, परत घातली:
"लिवा. सूचक मी."
हात मोजले, एकेचाळीस.
दोघं तंबाखू मळत बाहेर गेले.

ठराव क्रमांक एकोणीस.
शिक्का मारता मारता शिपाई विचारतो,
"प्रत धाडायची कुणाला?"

प्रेषकात मी गावाचं नाव लिहिलं,
तालुका करवीर, पिन कोड.
'प्रति'समोर
अजून काही लिहिलेलं नाही.