पाठमोरा

चौतीस वर्षं मी योकोतेत बस चालवली,
सात नंबरची, स्टेशन ते धरणाचं गाव.
चौतीस वर्षं माणसं पाहिली ती आरशात,
वीतभर काचेत मावतील एवढी,
डुलक्या घेणारी, ओठ हलवत हिशेब करणारी.
निवृत्त झालो आणि आरसा गेला.
पहिल्या हिवाळ्यात तर
दुकानातल्या मुलीचं 'पिशवी हवी का?'
एवढंच वाक्य दिवसभरात वाट्याला यायचं.
मी कधी कधी मुद्दाम पिशवी घरी विसरायचो.

मग नगरपालिकेच्या भिंतीवर कागद दिसला:
एकट्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढायला
माणसं हवीत. वयाची अट नाही.
मी एकोणसत्तरचा. कारकुनानं अदबीनं विचारलं,
'काढणाऱ्यांत लिहू,
की ज्यांच्याकडचा काढायचा त्यांच्यात?'

आम्ही पाचजण.
शुन, कॉलेज अर्धवट सोडून परतलेला,
बोलत नाही, पण छपरावर मांजरासारखा चढतो.
मारिसेल, दवाखान्यातली, फिलिपिन्सची,
जिनं तिशीपर्यंत बर्फ फक्त सरबतात पाहिला.
हिरानुमा नवरा-बायको,
फावडं कसं धरावं यावरून रोज भांडणारे.
आणि मी. मला पत्ते तेवढे पाठ,
कुणाचं घर कुठल्या थांब्यामागे, किती पायऱ्या.

तोगाशीबाईंचं दार उघडायचं नाही.
नवरा गेल्यापासून असंच, शेजारी म्हणाले.
शेजारी म्हणजे तरी कोण,
समोरची तीन घरं कुलूपबंद.
आम्ही वाट मोकळी करायचो,
दुपारपर्यंत ती पुन्हा बुजायची.
पडद्याची कड हलायची, तेवढंच.

मी ओळखत होतो त्यांना.
माझ्या मागची दुसरी खिडकी, मांडीवर मुळ्याची जुडी,
जुन्या पुलाशी उतरताना
नजर नाण्यांच्या डब्यात. पंधरा वर्षं.
एकदा टकटक करून नाव सांगितलं.
आतून आवाज: 'मी तुम्हाला ओळखत नाही.'
खोटं नव्हतं ते.
टोपी, मास्क, पांढरे हातमोजे,
यांतून माझं असं काय उरायचं?

फेब्रुवारीत एका सकाळी घाम फुटला,
टोपी काढून कुंपणावर ठेवली
आणि दाराकडे पाठ करून खणत राहिलो.
मागे कडी वाजली.
'उजव्या कानामागचा तीळ,' बाई म्हणाल्या,
'मोठा झालाय थोडा. डॉक्टरला दाखवा.'

मी वळणार, तर म्हणाल्या,
'थांबा, तसेच राहा.
समोरून तुम्ही कुणी भलतेच वाटाल.'

मग त्या माझ्या मानेशी बोलल्या.
पुलाच्या चढावर मी ब्रेक हळू दाबायचो,
म्हणून मुळे कधी घरंगळले नाहीत, हे.
सात नंबर बंद झाल्यावर
बाजार किती लांब गेला, ते.
नवऱ्याच्या चपला अजून दारात आहेत,
बर्फ काढायला कुणी आलं की
त्या दिसतील म्हणून दार उघडत नव्हते, हेही.

छपरावर शुनचं फावडं थबकलं होतं.
हिरानुमा भांडायचे विसरले होते.
माझ्या टकलावर बर्फ साचत होता,
मारिसेल टोपी घेऊन आली, अर्ध्यात थांबली.

मी हललो नाही.
म्हातारं माणूस पायरी उतरत असलं
की गाडी धरून ठेवतात,
तसा.