सेन्सर

ओनी, दार लाव. बाहेर उणे एकतीस आहे.
बूट तिथेच काढ. कुत्रा काही करत नाही.

हे तुझं खोकं.
मूळचं हिल्क्काच्या आईचं कपाट,
आडवं केलं, पाठीला भोकं पाडली,
पुढे सरकती काच बसवली.
डांबरगोळ्यांचा वास जाईना,
म्हणून तीन आठवडे बाल्कनीत उघडं ठेवलं बर्फात.
साप जिभेनं वास घेतो.
डांबरगोळी जिभेवर कुणी ठेवतं का?

पैशांचं नंतर. आधी ऐक.
चाळीस वर्षं मी केमीच्या कागद गिरणीत वायरमन होतो.
एका बाजूला कागद, एका बाजूला ठिणगी,
मध्ये मी.
फार बोलतोस, म्हणायची हिल्क्का.

तर हा वरचा दिवा. उजेड देत नाही, नुसती ऊब,
म्हणून बंदच आहे असं वाटतं.
हात लावून बघू नकोस.
होल्डर चिनी मातीचा. प्लॅस्टिकचा स्वस्त मिळतो;
तो आधी वाकतो, मग गळतो,
मग तुझी आई मला फोन करते.
आणि भोवती ही जाळी. ओढून बघ.
जोरात ओढ.
जाळी नसली तर साप दिव्याला विळखा घालतो
आणि सोडत नाही.
आपल्याला वाटतं, चटका बसला की कुणीही हात मागे घेईल.
हात असला तर.

आता ही बारीक काळी तार,
टोकाला तांदळाएवढा मणी.
हा सेन्सर. आत किती गरम आहे
ते थर्मोस्टॅटला हाच सांगतो, दुसरं कुणी नाही.
हा मी चिकटपट्टीनं लावला होता.
मी. वायरमन.

लेम्पी तेव्हा चार वर्षांची. अजगर आफ्रिकेतला,
जन्म रोव्हानिएमीच्या एका गॅरेजमधला.
रात्री कधीतरी तिनं अंग घासलं, पट्टी सुटली,
आणि मणी भोकातून मागे, भिंतीलगत,
थंड फरशीवर जाऊन पडला.
थर्मोस्टॅटनं विचारलं, किती?
फरशी म्हणाली, सतरा.
त्यानं ऊब पाठवली.
पुन्हा विचारलं, किती?
सतरा.
रात्रभर.
कुणीच खोटं बोलत नव्हतं, ओनी.

सकाळी घरभर लाकूड करपल्याचा वास.
लेम्पी चटईवरच होती, वेटोळं करून, शांत.
खोक्यात थंड कोपरा होता. वाट मोकळी होती.
पोटातली आग सगळ्यांना कळते;
पोटाखालची सापाला फार उशिरा.
ओउलूच्या डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे पट्ट्या बदलल्या.
जगली. आतल्या खोलीत आहे.
पोटावर हाताएवढी जागा अजून गुळगुळीत, खवल्यांशिवाय.
नंतर दाखवतो.

हिल्क्का आजारी होती तेव्हा
मी रोज विचारायचो, कसं वाटतंय?
स्वयंपाकघरातून, कॉफी गाळता गाळता.
ती पलंगावरून म्हणायची, ठीक.
मग मी

हां, तर स्क्रू.
सेन्सर स्क्रूनं बसवायचा, पितळी पट्टीत.
तेव्हापासून कानाला खडा.
हा दुसरा थर्मामीटर वेगळा, त्याचं याच्याशी नातं नाही,
दोघांचं पटलं नाही तर आधी प्लग काढ, मग विचार कर.
वायर अशी खाली झोका देऊन वर न्यायची,
म्हणजे पाणी ओघळलं तरी
झोक्याच्या तळाशी थेंब होऊन पडेल, प्लगात जाणार नाही.
छतावर टॉवेल वाळत घालायचा नाही.
धुराचा अलार्म याच खोलीत लाव,
आणि मासे तळताना ओरडला म्हणून बॅटरी काढू नकोस.

आणि रोज आत हात घाल.
आकडा बरोबर असला तरी. तळवा टेक,
ती झोपते तिथे, पाचपर्यंत मोज.

ही फळी पण ने. जुन्या खोक्याचा तळ.
मधोमध तपकिरी गोल दिसतोय ना,
कडेला काळा?
कुठे लावायची ते तुझं तू बघ.
तिचे पैसे नाहीत.

चल, ती बाजू धर.
पाठीनं नाही रे, गुडघ्यातून उचल.