पूर्वेस

उत्तरेस धोब्यांची शिळा.
दक्षिणेस सरकारी चिंच.
पश्चिमेस मकरपुऱ्याकडे जाणारा गाडीरस्ता.
इथवर कागद स्वच्छ, मीही अडखळलो नाही.

"पूर्वेस?" वकिलांनी विचारलं,
आणि मी भिंग जरा उचललं.

बडोद्याच्या दिवाणी कोर्टात मोडी वाचणारे
आता दोघेच उरलोत.
दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकलाय. म्हणून मी.
दर तारखेला चारशे रुपये, रिक्षाभाडं वेगळं,
ते मिळतं पुढच्या तारखेला.

भाडेपट्टा गायकवाडीतला, नव्याण्णव वर्षांचा:
शिंगाडतळ्याच्या काठची सव्वा बिघा जमीन
पुंजा कहार यास, शिंगाडे लावण्यास,
होड्या ओढून ठेवण्यास,
साल दर साल रुपये सात
आणि दसऱ्यास शिंगाड्यांची एक पाटी.

पुंजाचा पणतू ठाकोर मागच्या बाकावर बसतो.
बोटांवर काट्यांचे जुने टोचे.
दर वेळी तीच इस्त्रीची बुशकोट.

तळं आटत गेलं, मागे सरलं,
मध्ये साठ-सत्तर फूट नवी जमीन उघडी पडली,
काळी, तडकलेली, शिंपल्यांची.
महानगरपालिका म्हणते, ही कुणाच्याच पट्ट्यात नाही,
म्हणजे आमची.
फरशा बसल्या, रेलिंग आलं,
एका कंपनीला खाऊगल्लीसाठी तीस वर्षांवर देऊनही झाली.
ठाकोर म्हणतो, आमची हद्द पाणी.
पाणी जाईल तिथवर आम्ही जाऊ.

सर्व्हेयरनं साखळी टाकली ती मे महिन्यात.
ठाकोरचे वकील म्हणाले, भादव्यात टाका.
ह्या एवढ्यावर दोन वर्षं गेली.

आता सगळं एका शब्दावर आलंय.
पा. मग ण.
पुढे कागदाला ओल लागलेली, शाई पसरलेली.
वेलांटी असेल तर पाणी.
द असेल तर पाणद
(मोडीत अनुस्वार देतो कोण)
म्हणजे पाणंद, काठावरची गुरांची वाट,
आणि तिच्यापलीकडचं सगळं सरकारचं.

रात्री झेरॉक्स पसरून मी त्या कारकुनाशी भांडलो.
तिसऱ्या कलमात त्यानं 'पाणीपट्टी माफ' लिहिलंय,
तिथली वेलांटी मान मागे टाकून बसलेल्या बदकासारखी.
इथेही तसं वळण दिसतं.
दिसावं असं वाटतं म्हणून दिसतं.
सहाव्यात 'दसरा'. त्यातला द पोट सुटलेला,
आणि हा डागही पोटाशीच फुगलाय.
सगळं भरधाव, हात न उचलता.
जेवायची वेळ झाली असावी त्याची.

"काका, आ शुं लख्युं छे?"
न्यायाधीशबाईंनी मऊपणे विचारलं,
घड्याळाकडे दोनदा बघून.
मी म्हटलं, पा, ण, आणि मग ओल.
"ओल म्हणजे?"
ओल म्हणजे पाणीच, बाई.
पण ते अक्षर नव्हे.

टायपिस्टनं उमटवलं: साक्षीदार वाचू शकत नाही.
चाळीस वर्षं दफ्तरात काढलेला मी,
त्या वाक्याखाली सही केली.
मोडीत केली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर ठाकोरनं चहा पाजला. रागावला नाही, तेच वाईट.
एवढंच म्हणाला, पाणी म्हणाला असतात, तर कुणी तपासलं असतं?
मी बशीत फुंकर घालत राहिलो.

परवा, भादव्यात, रिक्षा सहज तिकडे वळवली.
तळं परत आलं होतं.
रेलिंगच्या आत, फरशांवरून, खाऊगल्लीच्या पत्र्यांपर्यंत.
पालिकेची पाटी कमरेएवढ्या पाण्यात उभी,
वरचे दोनच शब्द कोरडे: आ जग्या.
आणि तिच्याच खांबाला ठाकोरनं होडी बांधलेली.

मी उतरलो नाही.
पुढची तारीख एकोणीस.
रिक्षावाला म्हणाला, काका, मीटर चालू आहे.