चिवड्याची खोली

लोखंडी पिंजरा आणला त्या दिवशी
जशोदाबेन जिन्यात थांबून म्हणाल्या,
'अरेरे, बिचाराने जेलमां पूरशो?'
मी काहीच बोलले नाही.
मलाही तसंच वाटत होतं.

पण तोवर चिवड्यानं खाल्ला होता
ह्यांच्या कोल्हापुरीचा डावा अंगठा,
गॅसच्या पुस्तकाची अर्धी पानं,
स्कूटरच्या सीटचं रेक्झिन,
आणि एकदा, बटण चालू असताना,
मोबाइलचा चार्जर.
वाचला तो नशिबानं.

नाव चिवडा, कारण वारसियाच्या वळणावर
फरसाणवाल्याच्या पायरीखाली सापडला.
रंगही तसाच, काळा, पांढरा,
मधेच कुठे तळलेल्या मनुक्यासारखा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दार उघडं ठेवा. रागावून तर कधीच आत घालू नका.
त्याला वाटलं पाहिजे, ही जागा त्यानंच शोधली.
गॅसच्या पुस्तकाच्या उरलेल्या पानावर
मी हे लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी फक्त नाक आत.
दुसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय, थेपल्याच्या तुकड्यापुरते.
मागचे बाहेरच,
बँकेत कर्ज मागायला आलेला माणूस
खुर्चीच्या कडेवर टेकतो तसे.

आठव्या रात्री दार लावलं.
तो रडला.
मी फरशीवर गोधडी टाकली,
गजांतून करंगळी आत दिली.
दोनच्या सुमारास रडणं थांबलं
आणि माझं बोट ओलं झालं.
पलंगावरून हे म्हणाले, 'झोपलीस का गं?'
ओ देता येईना. तो जागा झाला असता.

उत्तरायणच्या रात्री गच्च्यागच्च्यांवरून
फटाके अंगावर आल्यासारखे फुटत होते.
तो पलंगाखाली घुसला नाही, माझ्या पायांत आला नाही.
आपल्या खोलीत गेला,
माझ्या जुन्या पातळाच्या घडीवर बसला.
कान हलत होते, तेवढेच.

ह्यांचं मकरपुऱ्यातलं वर्कशॉप बंद पडलं
तेव्हा हे घरभर फिरायचे.
स्वयंपाकघर, दार, स्वयंपाकघर.
चिवडा आतून बघत राहायचा.
एका दुपारी हे पिंजऱ्याला पाठ लावून बसले
आणि तिथेच डोळा लागला त्यांचा,
बावीस दिवसांत पहिल्यांदा.

मग श्रावणात विश्वामित्री घरात आली.
पायरी, उंबरा, मग सिलिंडर तरंगायला लागला.
कुणीतरी ओरडलं, मगर!
शाळेच्या फाटकापाशी!
मी कपाट उघडून उभी.
काय घ्यावं सुचेना.
हे एवढंच म्हणाले, 'चिवड्या, खोलीत.'
तो गेला. गोल फिरला. बसला.
समोरच्या नायकांचा ब्रूनो
दोन माणसांच्या हातांतून निसटत होता,
आणि आमचा गप्प,
दोघांनी दोन बाजूंनी धरलेला,
तीन जिने वर.

चार रात्री जशोदाबेनच्या हॉलमध्ये.
आम्ही दुसऱ्याच्या उशांवर,
दुसऱ्याच्या पंख्याची पाती मोजत.
तो कोपऱ्यात, नाक शेपटीत खुपसून, घोरत.
त्याचं घर त्याच्याबरोबर आलं होतं.
आमचं खाली होतं, पाण्यात.

पहाटे जशोदाबेन चहा घेऊन आल्या,
पिंजऱ्यापाशी थबकल्या.
'आने तो कोई चिंता ज नथी,' म्हणाल्या,
आणि वाकून एक गाठिया आत सरकवला.

आता भिंतीवर रेघ आहे,
माझ्या खांद्याच्या जरा खाली.
चिखल धुताना पिंजऱ्याचं दार निखळलं.
परत बसवलं नाही.
गच्चीवर कारल्याच्या वेलाला दिलंय,
तीन कारली लागली त्यावर.

रात्री दहा वाजता चिवडा उठतो,
दार नसलेल्या दारातून आत जातो,
आणि वळून बघतो माझ्याकडे,
दिवा अजून का चालू आहे म्हणून.