बारा कडा

रविवार पेठेत हुजेफाभाईंच्या दोरखंडाच्या दुकानावर
एक पोटमाळा आहे. तिथे महिन्यातून एकदा
आम्ही सात-आठजण चहा थंड करतो.

आज पुडकं फुटलं.
बँकेतून तसंच उचलून आणलेली,
अजून कुणाच्या घामाला न लागलेली
वीस-वीसची पन्नास नाणी
हिरव्या बनातीवर सांडली,
आणि सगळे एकदम गप्प झाले,
मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली
की पाहुणे होतात तसे.

मग सुरू.

पाटसकर (टपालखातं, निवृत्त, भिंग कायम गळ्यात)
म्हणाले, ही कणसं आहेत की कोंबडीची पिसं?
खोर्शेदबाई कॅम्पातून रिक्षा करून येतात.
त्यांनी सिंहाच्या आयाळीवरून नख फिरवलं.
"सपाट. इस्तरी मारली काय रे याला?"
ओजस अजून कॉलेजात आहे, मत मागण्याआधी देतो.
त्याच्या मते आकडा फार जाड, अक्षरं फार अंग चोरून,
एकाच घरात राहून न बोलणाऱ्या भावांसारखी.
हुजेफाभाईंनी एक नाणं फरशीवर टाकलं.
ठक्क.
"खणखणीत म्हणे! तो शब्द आता
कोशातून काढून टाका साहेब,
नाहीतर पुढे लिहा, चांदी होती तेव्हा."

मी काही बोललो नाही.
मी भोसरीत बत्तीस वर्षं डाय घासल्या.
ती आयाळ बघताच मला कळलं,
सिंहाची चूक नाही, कोरणाऱ्याचीही नाही.
ठसा दमलाय.
लाखभर ठोके खाल्ले की पोलादसुद्धा
तोंडातल्या तोंडात बोलायला लागतं.
तिसऱ्या पाळीत, पहाटे साडेचारला
कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून म्हणालं असेल,
चालतंय, अजून एक पोतं काढू.
हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललोय.

इतक्यात ओजस ओरडला.
एका नाण्यात आतलं पिवळं
बाहेरच्या पांढऱ्या कड्यावर ओघळलेलं,
ताट तिरकं झाल्यावर वरण जातं तसं.
मघाशी नाकं मुरडणारे सगळे उठले.
पाटसकर आठशे म्हणाले.
बाईंनी पर्स उघडली, हजार.
पंधराशेवर हुजेफाभाई थांबले,
तेही श्वास घ्यायला.

आमच्याकडे असा नग निघाला
तर लाल ठिपका लागायचा,
नग भंगाराच्या पिंपात
आणि माझं नाव फळ्यावर.
ब्याण्णवच्या मार्चमध्ये एका रात्रीत चौदा नग.
घरी पोरगी तापानं फणफणली होती,
हात मशीनवर आणि कान फोनकडे.
तेव्हा सुपरवायझर भिंग काढून
वा, दुर्मीळ आहे, असं म्हणाला नाही.

त्यांचा लिलाव चालू असताना
मी उरलेल्या ढिगात एक शोधत बसलो.
बारा कडा मोजल्या, बाराही शाबूत.
दोन्ही बाजू एका ओळंब्यात.
सिंहाच्या मिशा दिसत होत्या,
वर्षाखालचा हिरा टोकदार.
नव्या ठशाचं पहिल्या तासातलं काम,
कुणीतरी झोप पुरी करून आलेलं.
"हे कुणाला हवंय?" मी विचारलं.
कुणालाच नको होतं.
मी वीस रुपये दिले,
पाटसकरांनी वहीत जमा केले.

परतताना मंडईपाशी
एक बाई मेथी मांडून बसली होती. जुडी वीसची.
खिशात दुसरे सुटे होते. तरी तेच दिलं.
तिनं खाली पाहिलंच नाही.
अंगठा कडेवरून फिरला,
एक कोपरा, दुसरा, तिसरा,
बस.
गोणपाटाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं तिनं,
आणि मी दोन पावलं जाऊन
मागे वळलो.

आवाज
बरा होता.